तलाव कुठून गळतो

इतिवृत्ताच्या वहीत चार रकाने आहेत :
विषय, सूचक, अनुमोदक, निर्णय.
'माहीत नाही' लिहायला रकाना नाही.
पहिल्या सभेत ते मी समासात लिहिलं,
पेन्सिलीनं.

विषय : पळसटोल्याचा मामा तलाव.
दसरा सरताच रोडावतो,
आणि टोकाच्या बांध्यांतलं भारी धान
लोंबीत दाणा भरायच्या आत वाळतं.

डुलीचंद कटरे म्हणाले, तुडूम फुटलाय.
त्यांची जमीन मोठी, म्हणून म्हणणंही मोठं;
निम्मे हात तेवढ्यावरच वर झाले.
तालुक्याहून आलेला कागद म्हणाला, गाळ काढा,
अंदाजपत्रक सोबत जोडले आहे.
कागदाला पाण्यात उतरावं लागलं नव्हतं.

मागच्या खांबाशी सुकवंता वलथरे,
टोपलीत झिंगे, जायच्या घाईत.
"तुडूम नाई जी," ती म्हणाली,
"मोहाच्या बाजूनं पायाले थंड लागते.
पानी खालून चालते तिकडं."
कोणीतरी हसलं.
पायांचं ऐकून ठराव होत नसतात.

सरपंच योगिता लांजेवार हसली नाही.
"कधीपासून?" एवढंच तिनं विचारलं,
आणि त्या एका शब्दानं
हात खाली आले, सभा तहकूब झाली,
चहा मात्र सगळ्यांनी पिऊन घेतला.

मग तुडूम चिकणमातीनं लिंपून टाकला.
पाण्यात बांबू रोवला, बोटाबोटावर खाचा.
रोज एका घरानं जायचं, खाच वाचायची,
शाळेच्या फळ्यावर आकडा लिहायचा.
सातवीतली प्राजू म्हणाली, ऊनही पितं ना पाणी?
तिच्यासाठी पाळीवर एक घमेलं भरून ठेवलं,
ऊन किती पितं ते वेगळं कळावं म्हणून.
(घमेलं दोनदा बकऱ्यांनी पालथं केलं.
तेही फळ्यावर लिहिलं.)

आठव्या दिवशी एकानं घरबसल्या आकडा दिला;
शेजारणीनं चारचौघांत पुसून टाकला.
कटरे आपल्या पाळीला स्वतः गेले,
धोतर गुडघ्यापर्यंत खोचून,
आणि स्वतःच्या म्हणण्याविरुद्धचा आकडा
स्वतःच्या हातानं लिहून आले.
त्या संध्याकाळी मला ते
जमिनीपेक्षा मोठे वाटले.

पंधरा दिवसांनी निघालं ते असं :
तुडूम गळत होता, थोडा.
खालून जात होतं, पुष्कळ.
पण मोहाखाली खणलं तर कोरडं.
सुकवंता गप्प उभी राहिली.
तेव्हा ढोरं वळणारा रैनू उईके,
जो कधी सभेला आला नव्हता
कारण सभा ढोरं सुटायच्या वेळेला असते,
वीस पावलं पुढं जाऊन काठी टेकून म्हणाला,
"इथं कहूचं झाड होतं. मुळं सडली असंन."

होती.
मुळं गेली, मुळांची वाट राहिली,
मनगट जाईल एवढी, थंड,
थेट पाळीच्या पोटातून.

घरी येऊन जुनी वही काढली.
एकोणीस वर्षांमागचा ठराव :
तलावपाळीवरील कहूचे झाड
लिलावाने तोडण्यास मंजुरी.
सर्वानुमते.
अक्षर माझं.
त्या दिवशी कोणी काही विचारलं नव्हतं.
मीही नाही. मला भजी आठवतात.

या खेपेचा ठराव : मुळाची वाट खणून
काळ्या मातीनं दाबणे, श्रमदानाने.
बाजूनं एकसष्ट, विरुद्ध तेवीस.
तेवीस जण म्हणतात, एवढ्यानं भागणार नाही,
वाट एकच आहे कशावरून?
त्यांची नावं लिहिली, कारणंही.
रकाना नव्हता. पट्टीनं आखून घेतला.

आणि सभेची वेळ बदलली :
ढोरं परतल्यावर, कंदिलाच्या आधी.

बांबू अजून पाण्यातच आहे.
आज सकाळी माझी पाळी होती.
खाच नीट दिसेना,
म्हणून चपला काढून आत गेलो,
आणि जरा वेळ नुसता उभा राहिलो,
पायाला कुठं थंड लागतं का बघत.